विधेयक हातात घेऊन संसद कशी ऐकायची

संसदेतली चर्चा म्हटलं की आपल्यासमोर येतो तो मोबाइलवरचा दीड मिनिटांचा तुकडा. कुणीतरी कुणाला तरी गप्प केलेलं असतं, बाकं वाजत असतात, आणि आपण तो तुकडा सोसायटीच्या ग्रुपवर पुढे ढकलतो. त्या दिवशी सभागृहापुढे विधेयक कोणतं होतं, तो सदस्य त्यातल्या कोणत्या तरतुदीवर बोलत होता आणि एवढ्या बोलण्यानंतर मजकुरातला एक तरी शब्द बदलला का, यातलं काहीच त्यात नसतं. मला याचं मनापासून वाईट वाटतं. कारण बदललेला तो एक शब्द पुढे वर्षानुवर्षं आपल्या घराच्या कागदपत्रांत आणि पगाराच्या पावतीत येऊन बसतो.

नौपाड्यात आमच्या घरी अधिवेशनाच्या दिवसांत रविवारी सकाळी आठ-दहा माणसं जमतात. निवृत्त शिक्षिका आहेत, एक सीए आहे, वाशीहून ट्रान्स-हार्बरने येणारी कायद्याची विद्यार्थिनी आहे, घोडबंदर रोडला फ्लॅट घेतलेले एक काका आहेत. एका वेळी एकच विधेयक घ्यायचं, त्याची छापील प्रत जेवणाच्या टेबलावर पसरायची आणि त्यावरची चर्चा पहिल्या शब्दापासून मतदानापर्यंत वाचायची, एवढाच आमचा उद्योग. तो करता करता जी पद्धत बसली ती इथे सविस्तर देते. उदाहरण घेते ते ठाणे-नवी मुंबईकरांच्या अगदी जवळचं : घरखरेदीचा कायदा, म्हणजे ज्याला आपण सगळे ‘रेरा’ म्हणतो तो.

आपला खासदार नक्की कोण?

हसू नका, पहिली गडबड इथेच होते. ठाणे लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा क्षेत्रं येतात : मीरा-भाईंदर, ओवळा-माजिवडा, कोपरी-पाचपाखाडी, ठाणे, ऐरोली आणि बेलापूर. म्हणजे ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर इथले नवी मुंबईकर दिल्लीत ठाण्याच्याच खासदाराचे मतदार. पण खाडीपलीकडचं कळवा आणि मुंब्रा कल्याण मतदारसंघात मोडतं, आणि खारघर, पनवेल, उरण थेट मावळमध्ये. पत्र लिहायची वेळ आली की हे माहीत असावं लागतं.

लोकसभेत महाराष्ट्राचे ४८ सदस्य आणि राज्यसभेत १९. राज्यसभेचे हे १९ जण आपल्या आमदारांनी निवडून दिलेले असतात, त्यामुळे त्यांच्याकडे आपण सहसा वळून बघत नाही. राज्याच्या अधिकाराचा किंवा पैशाचा प्रश्न असेल तेव्हा मात्र त्यांनाही लिहावं.

विधेयक शेवटाकडून वाचायचं

विधेयकाची प्रत संसदेच्या संकेतस्थळावर फुकट मिळते, इंग्रजीत आणि हिंदीत. मराठीत मिळत नाही, ही अडचण आहेच. म्हणून आमच्याकडे हिंदी प्रत मोठ्याने वाचतात आणि अडलं की इंग्रजी उघडतात. एक लक्षात ठेवा : विधेयक असताना त्याच्या भागांना ‘खंड’ म्हणतात, कायदा झाला की त्याच खंडाचं ‘कलम’ होतं.

पहिल्या पानापासून सुरुवात केलीत तर व्याख्यांच्या जंगलात हरवाल. शेवटची पानं उघडा. तिथे मंत्र्यांच्या सहीचं ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ असतं. हा कायदा का हवा, हे सरकारने स्वतःच्या शब्दांत दीड-दोन पानांत सांगितलेलं असतं. पुढे वित्तीय ज्ञापन, म्हणजे खर्च किती आणि कुठून. त्यानंतर प्रत्यायोजित विधानाचं ज्ञापन. नाव अवघड आहे, पण माझ्या मते सगळ्या प्रतीतलं सर्वांत उपयोगी पान हेच. कोणकोणत्या गोष्टी संसद स्वतः न ठरवता सरकारला नियम करून ठरवायला देते आहे, त्यांची यादी तिथे असते. जुन्या कायद्यात दुरुस्ती करायची असेल, तर त्याची मूळ कलमं परिशिष्टात छापलेली असतात. दोन्ही मजकूर शेजारी ठेवून काय गेलं आणि काय आलं ते पेन्सिलीने खुणावा.

मग पुढून वाचा, आणि ‘विहित करण्यात येईल त्याप्रमाणे’ हे शब्द जिथे जिथे दिसतील तिथे गोल करा. प्रत्येक गोल म्हणजे निर्णय सभागृहाबाहेर गेलेला एक मुद्दा. चर्चा ऐकताना या गोलांबद्दल कुणी विचारलं का, हे बघायचं.

विषय कुणाच्या अखत्यारीतला?

आपला देश संघराज्य आहे, त्यामुळे दिल्लीला हा कायदा करता येतो का, हा प्रश्न कुठल्याही विधेयकाला पहिला. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत तीन याद्या आहेत : संघसूची, राज्यसूची आणि समवर्ती सूची. जमीन हा विषय राज्यसूचीतल्या १८व्या नोंदीत आहे. मग घरबांधणीवर केंद्राने कायदा केलाच कसा? त्याचा आधार समवर्ती सूचीत आहे. ६व्या नोंदीत शेतजमीन सोडून इतर मालमत्तेचं हस्तांतरण आणि दस्तांची नोंदणी येते, ७व्या नोंदीत करार येतात. बिल्डर आणि घर घेणारा यांच्यातला करार म्हणून केंद्राने हा विषय हातात घेतला.

महाराष्ट्राने याच विषयावर २०१२चा स्वतःचा गृहनिर्माण कायदा केला होता, त्याला राष्ट्रपतींची संमतीही मिळाली होती. केंद्राच्या रेरा कायद्याच्या ९२व्या कलमाने तो रद्द झाला. राज्याचा संपूर्ण कायदा दिल्लीतल्या एका कलमाने पुसला जातो, तेव्हा तुमच्या राज्याचे सदस्य त्या कलमावर काय बोलले हे नोंदीतून शोधून काढा. या शोधातून एका सकाळीत जेवढं कळतं तेवढं नागरिकशास्त्राच्या वर्षभराच्या तासांत आम्हाला कळलं नव्हतं.

खरी वेळ समितीची असते

विधेयक मांडलं जातं ते पहिलं वाचन. मांडण्यालाच कुणी विरोध केला तर थोडी बोलाचाली होते, नाहीतर मिनिटभरात काम संपतं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ‘अमुक विधेयक सादर’ अशी बातमी येते आणि आपल्याला वाटतं, झालं. पण विधेयक समितीकडे गेलं, तर महत्त्वाचे महिने इथून पुढचे.

खात्यांशी जोडलेल्या २४ स्थायी समित्या आहेत. प्रत्येकीत ३१ सदस्य, त्यातले २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. ही पद्धत १९९३पासून चालू आहे. याखेरीज एखाद्या विधेयकापुरती एका सभागृहाची प्रवर समिती किंवा दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती नेमता येते. समितीची बैठक बंद दाराआड होते, कॅमेरा नसतो, म्हणून वेगवेगळ्या पक्षांचे सदस्य तिथे एकमेकांचं ऐकून घेतात. अधिकाऱ्यांना बोलावतात, संघटनांना बोलावतात, आणि वर्तमानपत्रात जाहिरात देऊन तुमच्याआमच्याकडून लेखी सूचना मागवतात. मुदत साधारण दोन आठवड्यांची असते. ती जाहिरात बहुतेकांच्या नजरेतून सुटते. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३पासून उभं आहे. तिथे किंवा तुमच्या जवळच्या वाचनालयात अधिवेशनाच्या आसपास इंग्रजी-हिंदी पेपर चाळायची सवय ठेवा. ही जाहिरात सापडणं म्हणजे अर्धं काम झालं.

रेराचा प्रवास बघा. विधेयक ऑगस्ट २०१३मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं. स्थायी समितीने फेब्रुवारी २०१४मध्ये अहवाल दिला. मग लोकसभा विसर्जित झाली, निवडणूक झाली, सरकार बदललं. तरी विधेयक जिवंत राहिलं. कारण घटनेच्या १०७व्या अनुच्छेदाप्रमाणे राज्यसभेत प्रलंबित असलेलं आणि लोकसभेने मंजूर न केलेलं विधेयक लोकसभेच्या विसर्जनाने मरत नाही. याउलट महिला आरक्षणाचं विधेयक राज्यसभेने मार्च २०१०मध्ये मंजूर करून लोकसभेकडे पाठवलं होतं, ते तिथे पडून राहिलं आणि २०१४मध्ये लोकसभेबरोबर व्यपगत झालं, म्हणजे आपोआप संपलं. तो विषय मंजूर व्हायला सप्टेंबर २०२३ उजाडला, तेही नव्या विधेयकाच्या रूपाने. म्हणून विधेयक आत्ता कुठल्या सभागृहाच्या पटलावर आहे, हे वहीत पहिल्या ओळीत लिहून ठेवा.

पुढे २०१५मध्ये राज्यसभेने रेरासाठी प्रवर समिती नेमली. या सगळ्या वर्षांत आकडे कसे हलले ते आम्ही एका कागदावर मांडलं होतं. घर घेणाऱ्यांकडून आलेल्या पैशांपैकी किती रक्कम त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या बँक खात्यात ठेवायची? २०१३च्या मसुद्यात ७० टक्के, तेही सरकारला कमी करता येईल अशा सवलतीसह. २०१५च्या सरकारी दुरुस्त्यांत ते ५० टक्क्यांवर आलं. प्रवर समितीने ‘किमान ५० टक्के’ म्हटलं. डिसेंबर २०१५मध्ये मंत्रिमंडळाने पुन्हा दुरुस्त्या मंजूर केल्या आणि कायद्यात आलं ते ७० टक्के. कायदा किती मोठ्या प्रकल्पांना लागू? आधी १,००० चौरस मीटर किंवा १२ घरांहून मोठ्या, शेवटी ५०० चौरस मीटर किंवा ८ घरांहून मोठ्या. बांधकामातल्या दोषाची जबाबदारी आधी दोन वर्षं, शेवटी पाच.

एकेका आकड्यामागे कुणाची तरी लेखी सूचना आहे, कुणाचं तरी समितीपुढचं म्हणणं आहे. सभागृहात यातलं फार थोडं घडलं. म्हणूनच सांगते, विधेयक समितीकडे गेलं की समितीचा अहवाल उघडा आणि त्याला जोडलेली भिन्नमतपत्रिका आधी वाचा. न पटलेल्या सदस्यांनी का पटलं नाही ते तिथे सही करून लिहिलेलं असतं. सभागृहातली पुढची भाषणं बऱ्याचदा त्याच पानांतून निघतात.

सभागृहातला दिवस

लोकसभेचं कामकाज ११ वाजता प्रश्नोत्तराच्या तासाने सुरू होतं आणि १२ला शून्य प्रहर, म्हणजे तातडीचे विषय मांडायची वेळ. राज्यसभेत उलट : ११ला शून्य प्रहर आणि १२ वाजता प्रश्नोत्तरं. विधेयकं साधारण दुपारनंतर येतात. आदल्या दिवशी संकेतस्थळावर कामकाज पत्रिका येते, ती बघून दुपारचा वेळ राखा. सप्टेंबर २०२१पासून लोकसभा आणि राज्यसभेच्या जुन्या दोन वाहिन्यांच्या जागी संसद टीव्ही आहे. कामकाज यूट्यूबवरही दिसतं.

कोणत्या विधेयकाला किती तास, हे कामकाज सल्लागार समिती ठरवते. ते तास पक्षांच्या सदस्यसंख्येप्रमाणे वाटले जातात. मोठ्या पक्षाच्या पहिल्या वक्त्याला सविस्तर बोलता येतं, एकट्यादुकट्या सदस्याला तीन-चार मिनिटं मिळाली तरी खूप. घंटा वाजते ती त्यासाठी. तेव्हा ‘आपला माणूस एवढंच बोलला?’ असा राग धरण्याआधी त्याला वेळ किती होता ते बघा.

सुरुवात मंत्र्यांपासून होते : ‘विधेयक विचारात घ्यावं’ असा प्रस्ताव ते मांडतात. इथून दुसरं वाचन सुरू. या टप्प्यावर विधेयकामागच्या तत्त्वाची चर्चा व्हावी, तपशिलाची नव्हे, अशी अपेक्षा असते. समितीकडे पाठवा किंवा जनमत अजमावण्यासाठी प्रसृत करा, असा प्रस्ताव सदस्य याच वेळी देऊ शकतात. सर्वांचं बोलून झालं की मंत्री उत्तर देतात.

बाकं रिकामी दिसली की लोक चिडतात. गणपूर्तीला, म्हणजे कामकाज चालायला लागणाऱ्या किमान हजेरीला, एकूण सदस्यांचा दहावा भाग लागतो : लोकसभेत ५५ आणि राज्यसभेत २५. तेवढेही नसतील आणि कुणी ते लक्षात आणून दिलं, तर घंटा वाजवून सदस्य येईपर्यंत थांबावं लागतं.

भाषण ऐकताना वही कशी मांडायची

पानावर उभे चार रकाने पाडा. पहिल्यात वक्त्याने कोणत्या खंडाचा उल्लेख केला त्याचा क्रमांक. दुसऱ्यात त्याने दिलेला पुरावा : आकडा, समितीच्या अहवालातलं पान, न्यायालयाचा निकाल, स्वतःच्या मतदारसंघातला अनुभव. तिसऱ्यात त्याने मंत्र्यांना विचारलेला नेमका प्रश्न. चौथा रकाना रिकामा सोडा, तो मंत्र्यांचं उत्तर ऐकताना भरायचा.

हा चौथा रकाना सगळं सांगतो. आमच्या एका रविवारी दहा वक्त्यांचे मिळून तेवीस प्रश्न निघाले आणि मंत्र्यांच्या उत्तरानंतर सहांसमोरच काही लिहिता आलं. उरलेल्या सतरांत तीन प्रश्न इतके चांगले होते की ते आम्ही पुढे आमच्या पत्रात घेतले. उलटंही होतं. ज्याच्या भाषणावर टाळ्या पडल्या त्याच्या नावासमोर पहिले तिन्ही रकाने कोरे राहतात, आणि मागच्या बाकावरून खाली मान घालून कागद वाचणारा सदस्य चार ओळी भरून देतो. त्या माणसाचं नाव लक्षात ठेवा, पुढच्या विधेयकालाही त्याला ऐका.

सदस्य हिंदीत किंवा इंग्रजीत बोलतात. १२०व्या अनुच्छेदाप्रमाणे, या भाषांत नीट मांडता येत नसेल तर अध्यक्षांच्या परवानगीने मातृभाषेत बोलता येतं. सभागृहात मराठीचं भाषांतर ऐकवण्याची सोय आहे. आपल्या खासदाराने महाराष्ट्राचा प्रश्न मराठीत मांडला तर मला आनंदच होतो, पण वहीचे चार रकाने तरीही तेच.

मराठी संसदपटूंची आठवण इथे निघतेच. पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष दादासाहेब मावळंकर. राजापूरचे बॅरिस्टर नाथ पै आणि मधू दंडवते. ठाण्याचं प्रतिनिधित्व केलेले रामभाऊ म्हाळगी, जे आपल्या कामाचा वार्षिक अहवाल मतदारांपुढे ठेवत. त्या वार्षिक अहवालाची प्रथा प्रत्येक मतदारसंघात सुरू व्हावी, असं मला फार वाटतं.

प्रत्यक्ष ऐकणं जमलं नाही तर शब्दशः नोंद संकेतस्थळावर वाचता येते. आधी असंपादित नोंद येते, मग अंतिम. अध्यक्षांनी कामकाजातून काढून टाकलेल्या शब्दांच्या जागी तारका दिसतात. मोबाइलवर फिरणारा तुकडा या नोंदीशी पडताळून बघा, मागचीपुढची दोन पानं वाचा. कित्येकदा वाक्याचा रोखच वेगळा निघतो.

खंडवार विचार : डोळे लावून बघायची दहा मिनिटं

मंत्र्यांचं उत्तर संपलं की लोक टीव्ही बंद करतात. कृपा करून करू नका. कायद्याचा मजकूर पक्का होतो तो यानंतर.

अध्यक्ष म्हणतात, ‘आता सभागृह विधेयकाचा खंडवार विचार करील.’ ज्या खंडांवर दुरुस्ती नाही ते एकगठ्ठा येतात : ‘प्रश्न असा आहे की, खंड २ ते ९ विधेयकाचा भाग व्हावेत.’ अनुकूल असतील त्यांनी ‘होय’ म्हणावं, विरोधात असतील त्यांनी ‘नाही’. दोन्हीकडून आवाज उठतो, ‘होयवाल्यांचं बहुमत आहे’ असं अध्यक्ष दोनदा म्हणतात, आणि आठ खंड मंजूर. घड्याळ लावून बघा, अर्धं मिनिटही लागत नाही. मग दुरुस्ती असलेला खंड येतो. अध्यक्ष सदस्याचं नाव पुकारून विचारतात, आपण दुरुस्ती मांडता का? तो हजर नसेल तर त्याची दुरुस्ती मांडलीच जात नाही. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा हळहळले होते. कुणीतरी अभ्यास करून लिहिलेल्या तीन ओळी, आणि पुकारा झाला तेव्हा बाक रिकामं.

गंमत अशी की खंड १, अधिनियमन सूत्र (‘संसद हा कायदा करीत आहे’ असं सांगणारं सुरुवातीचं वाक्य) आणि विधेयकाचं नाव सगळ्यांत शेवटी मतास टाकतात. मग ‘विधेयक मंजूर करावं’ हा प्रस्ताव. हे तिसरं वाचन.

आवाजी मतदानाने समाधान झालं नाही तर सदस्य मतविभागणी मागू शकतो. लोकसभेत घंटा वाजते, साडेतीन मिनिटांनी लॉब्या रिकाम्या करून दारं बंद होतात आणि सदस्य बटण दाबतात. फलकावर हिरवा म्हणजे होय, लाल म्हणजे नाही, पिवळा म्हणजे तटस्थ. कुणी कसं मत दिलं हे नावानिशी फक्त मतविभागणीतच नोंदलं जातं. आवाजी मतदानात तुमच्या खासदाराने काय म्हटलं, हे कुणालाच सांगता येणार नाही. घटनादुरुस्तीला मात्र मतविभागणी टळत नाही : एकूण सदस्यांचं बहुमत हवं आणि हजर राहून मत देणाऱ्यांचं दोन तृतीयांश. २०२३मध्ये महिला आरक्षणाला लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतं पडली आणि राज्यसभेत २१४ विरुद्ध शून्य.

एक कटू गोष्ट इथेच सांगायला हवी. १९८५मध्ये ५२व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली. पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिलं किंवा मतदानाला गैरहजर राहिलं तर सदस्यत्व जाऊ शकतं. पक्षाने १५ दिवसांत माफ केलं तरच सुटका. त्यामुळे सभागृहातल्या भाषणाने समोरच्या बाकावरचं मत फिरेल, ही आशा फारशी उरत नाही. तरी भाषणं वाया जातात असं मी म्हणणार नाही. नोंद राहते, मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं, पुढे न्यायालयात आणि पुढच्या दुरुस्तीत ती पानं उघडली जातात.

दोन सभागृहं आणि मुलुंडचा नाका

दोन सभागृहांचा खेळ समजून घ्यायला ठाणेकराला मुलुंड चेकनाका पुरेसा आहे. मुंबईत शिरताना तिथे, आनंदनगरला आणि ऐरोलीला जकातीसाठी ट्रकच्या रांगा लागायच्या. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि ती जकात गेली. त्यासाठीची घटनादुरुस्ती लोकसभेने मे २०१५मध्ये मंजूर केली होती. तीत राज्याराज्यांतल्या मालवाहतुकीवर एक टक्का जादा कराची तरतूद होती. राज्यसभेने विधेयक प्रवर समितीकडे दिलं, वर्षभर घासाघीस झाली, आणि ३ ऑगस्ट २०१६ला राज्यसभेने ते मंजूर केलं तेव्हा तो एक टक्का त्यातून गेलेला होता आणि राज्यांना पाच वर्षं भरपाईची हमी आली होती. बदललेलं विधेयक ८ ऑगस्टला पुन्हा लोकसभेने मान्य केलं. त्यानंतर किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांचा दुजोरा लागला, महाराष्ट्राने त्यासाठी विशेष अधिवेशन घेतलं.

आता दुसरी बाजू. विधेयक धन विधेयक म्हणून, म्हणजे फक्त कर आणि सरकारी पैशाविषयीचं म्हणून आलं, तर राज्यसभेला फक्त १४ दिवस मिळतात आणि तिच्या शिफारशी लोकसभेवर बंधनकारक नसतात. धन विधेयक आहे की नाही, हे लोकसभेचे अध्यक्ष ठरवतात. रेरा मंजूर झालं त्याच आठवड्यात, १६ मार्च २०१६ला, धन विधेयक म्हणून आलेलं आधारचं विधेयक राज्यसभेने पाच दुरुस्त्यांसह परत पाठवलं. लोकसभेने त्या त्याच दिवशी फेटाळल्या. म्हणून विधेयकावर हा शिक्का आहे का, ते सुरुवातीलाच बघावं.

साध्या विधेयकावर दोन्ही सभागृहांचं जुळलंच नाही तर १०८व्या अनुच्छेदाखाली संयुक्त बैठक होते. अशी मंजुरी आजवर तीनच वेळा झाली : १९६१ला हुंडाबंदी, १९७८ला बँकिंग सेवा आयोग रद्द करणं आणि २००२ला पोटा हा दहशतवादविरोधी कायदा.

विधेयक नसतानाची चर्चा

देशापुढच्या प्रश्नांवर विधेयकाशिवायही बोलता येतं. लोकसभेत १९३व्या नियमाखालच्या अल्पकालीन चर्चेत मतदान नसतं, १८४व्या नियमाखाली असतं. सरकार आणि विरोधक बहुतेक वेळा याच ‘कोणत्या नियमाखाली’वरून अडून बसतात, त्याचं कारण हे आहे. ३७७व्या नियमाखाली स्थानिक प्रश्न लेखी मांडता येतो. अविश्वास प्रस्ताव दाखल व्हायला ५० सदस्य उभे राहावे लागतात. शुक्रवारी दुपारची वेळ अशासकीय विधेयकांची, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यांनी मांडलेल्या विधेयकांची. आजवर अशी १४च विधेयकं कायदा झाली आणि त्यांतलं शेवटचं १९७०मध्ये. तरी १९६७मध्ये, मूलभूत हक्क कमी करणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही असं सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या गोलकनाथ निकालानंतर, संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकारावर देशभर जी चर्चा पेटली, ती नाथ पैंच्या अशाच एका विधेयकाभोवती. ते मंजूर झालं नाही.

मला यातलं सर्वांत कामाचं वाटतं ते प्रश्न. लोकसभेत रोज २० तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तराचे, आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. अतारांकिताला लेखी उत्तर मिळतं, आकडेवारीसह, आणि ते कुणालाही वाचता येतं. तुमच्या भागातल्या रेल्वे, खाडी, खारफुटी, मिठागर यांबद्दल कुणी काय विचारलंय ते संकेतस्थळावर शोधून बघा. माहिती अधिकाराचा अर्ज टाकण्याआधी उत्तर तिथेच सापडायची शक्यता असते.

खासदाराला पत्र

‘या विधेयकाला विरोध करा’ असं एका ओळीचं पत्र लिहू नका, तो निर्णय पक्ष घेतो. एक खंड निवडा. आत्ताचा मजकूर लिहा, त्याखाली तुम्हाला हवा तो मजकूर लिहा, आणि कारण पाच ओळींत, शक्यतो आपल्या भागातल्या उदाहरणासह. दुरुस्तीची सूचना विधेयक विचारात घेण्याच्या आदल्या दिवसापर्यंत देता येते, पण कामकाज पत्रिका बघून पत्र धाडलंत तर उशीर झालाच समजा. विधेयक मांडलं गेलं त्या आठवड्यात पत्र जायला हवं. प्रश्न विचारायची विनंती असेल तर १५ दिवसांची पूर्वसूचना लागते, म्हणजे अधिवेशन सुरू होण्याआधीच. पंधरा जणांनी एकच पत्र पाठवण्यापेक्षा एका पत्रावर पंधरा सह्या घ्याव्यात. लोकसभेच्या याचिका समितीकडेही जाता येतं, मात्र याचिकेवर एका सदस्याची प्रतिस्वाक्षरी लागते.

आणि विधेयक मंजूर झालं म्हणून वही मिटू नका. राष्ट्रपतींची संमती, राजपत्रात प्रसिद्धी आणि मग अंमलाची तारीख. रेराची काही कलमं १ मे २०१६ला लागू झाली आणि उरलेली १ मे २०१७ला. मधल्या काळात राज्यांनी नियम केले. पेन्सिलीने केलेले ते ‘विहित’चे गोल तेव्हा भरले गेले. नियमांच्या मसुद्यावरही हरकती मागवतात, त्या मुदतीवर नजर ठेवा.

आमच्या घोडबंदरच्या काकांना २०१९च्या अखेरीस ताबा मिळाला. तीन पावसाळ्यांनंतर बेडरूमच्या छताला ओल आली, प्लास्टरचा पापुद्रा पडला. बिल्डरच्या ऑफिसातल्या माणसाने सांगितलं, ‘दोन वर्षांची वॉरंटी होती, संपली.’ त्या रविवारी आम्ही नेमके दोनचे पाच कसे झाले ते वाचत होतो. काकांनी मान वर केली. मग १४व्या कलमाचं तिसरं पोटकलम त्यांनी स्वतः मोठ्याने वाचलं : ताबा दिल्यापासून पाच वर्षांत दोष लक्षात आणून दिल्यास ३० दिवसांच्या आत, कोणताही जादा आकार न घेता दुरुस्ती. चहा तसाच राहिला. विद्यार्थिनीने लॅपटॉप पुढे ओढला, काका ताब्याच्या पत्रावरची तारीख सांगू लागले, आणि नोटिशीची पहिली ओळ टाइप झाली.